पिशवींत मावणारा पडदा : तो कसा निवडावा ?

पूर्वीं घरांत एखादी मोठी वस्तु घ्यावयाची झाली, म्हणजे वडीलधारीं माणसें एकत्र बसून तिचा विचार करीत. शिवणयंत्र घ्यावयाचें तर तें चालविणार कोण, सायकल घ्यावयाची तर ती कोणाच्या उंचीस बसणार, हें आधीं ठरे आणि मग पैसे मोजले जात. हल्लीं मोबाइलवर बोट टेकलें कीं दोन दिवसांत डबा दाराशीं येतो. त्यामुळें विचार बहुधा डबा उघडल्यानंतर सुरू होतो. असा मागाहून विचार करण्याची पाळी ज्या वस्तूंच्या बाबतींत वारंवार येते, त्यांपैकीं एक म्हणजे पोर्टेबल मॉनिटर, अर्थात् पिशवींत घालून नेतां येण्याजोगा जास्तीचा पडदा होय. ही वस्तु काय आहे, तिचें काम कसें चालतें, आणि काम व खेळ या दोहोंसाठीं ती घ्यावयाची असल्यास कोणते प्रश्न कोणत्या क्रमानें विचारावे, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या पडद्याची गरज कां भासते ? लॅपटॉपचा पडदा साधारणतः १३ ते १६ इंचांचा असतो. त्यावर एका बाजूस हिशेबाचा तक्ता व दुसऱ्या बाजूस पत्र मांडलें, तर दोन्हीं इतकीं आखडतात कीं डोळे ताणावे लागतात. शेजारीं दुसरा पडदा उभा केला म्हणजे एकावर वाचावें व दुसऱ्यावर लिहावें, अशी सोय होते. घरून कचेरीचें काम करणारी आई, महाविद्यालयाचे आराखडे काढणारी ताई आणि संध्याकाळीं तासभर फुटबॉलचा किंवा मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळूं पाहणारा धाकटा भाऊ, या तिघांनाहि तो हवासा वाटतो. मात्र प्रत्येकाची मागणी निराळी असते. आईस अक्षर स्वच्छ हवें, ताईस रंग खरे हवे, आणि धाकट्यास चित्र न अडखळतां धांवावयास हवें. एकाच पडद्यानें तिघांचेंहि समाधान करावयाचें तर कोठें तरी तडजोड करावी लागते. ती तडजोड डोळसपणें करणें, यासच आम्ही निवड म्हणतों.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्याच घरीं घडलेली गोष्ट येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं वाढदिवसाचे व बक्षिसाचे पैसे वर्षभर सांठवून ठेविले होते. त्यांत आम्हीं भर घातली आणि डब्यावरील मोठमोठे आंकडे पाहून एक पडदा मागविला. सेकंदास १४४ वेळां चित्र बदलणारा, असें त्याचें वर्णन होतें. डबा आला, केबल लॅपटॉपच्या पोर्टांत नेमकी बसली, पडद्यावर क्षणभर एक चिन्ह उमटलें, आणि नंतर 'सिग्नल नाहीं' एवढीं अक्षरें दाखवून तो काळा पडला. "बाबा, आपल्याला बिघडलेलाच पाठवला हो !" असें म्हणून मुलगा रडकुंडीस आला. आम्हीहि रागारागानें विक्रेत्यास पत्र लिहावयास बसलों. परंतु मुलाची आई म्हणाली, "दुसऱ्याला बोल लावण्याआधीं आपल्या लॅपटॉपचें माहितीपुस्तक तरी काढून पाहा." पुस्तक काढलें. त्यांत त्या पोर्टासंबंधीं स्पष्ट छापलेलें होतें कीं, त्यांतून केवळ माहितीची ने-आण होते. चित्र बाहेर जात नाहीं. पडदा निर्दोष होता. दोष होता तो आमच्या उतावीळपणाचा. बुरूज बांधावयास घेण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या शहाण्या माणसाचा दाखला आपण शाळेंत अनेकदां ऐकतों. त्या दिवशीं तो आम्हांस नव्यानें समजला.

तेव्हां प्रथम ही वस्तु काय आहे व काय नाहीं, तें पाहूं. पोर्टेबल मॉनिटर हा संगणक नव्हे. बहुतेकांत बॅटरीहि नसते. चित्र दाखविणारी कांच, तिच्यामागील दिवा, आणि बाहेरून आलेलें चित्र त्या कांचेवर मांडणारी लहानशी विद्युत्पाटी, इतकेंच त्यांत असतें. चित्र दुसऱ्याचें, वीजहि दुसऱ्याची. असा हा परावलंबी पाहुणा आहे. म्हणून यजमानाची ऐपत आधीं पाहावी लागते.

कांचेंतील द्रव्याची हकीकत मनोरंजक आहे. १८८८ सालीं प्राग येथें फ्रीडरिख रायनित्झर नांवाचा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर प्रयोग करीत होता. तें संयुग सुमारें १४५ अंश सेल्सिअस उष्णतेस वितळून गढूळ झालें, आणि सुमारें १७८ अंशांस तो गढूळ द्रव एकाएकीं निवळला. एकाच पदार्थास जणूं दोन वितळणबिंदू ! त्या मधल्या गढूळ अवस्थेसच पुढें द्रवस्फटिक हें नांव मिळालें. हे द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहींत. विजेच्या दाबाप्रमाणें आपली ठेवण बदलून ते प्रकाश अडवितात किंवा पुढें जाऊं देतात. पडद्यावरील प्रत्येक चित्रबिंदूस, म्हणजे पिक्सेलास, तांबडी, हिरवी व निळी अशा तीन सूक्ष्म खिडक्या असतात आणि द्रवस्फटिक हीं त्या खिडक्यांचीं दारें होत. आडवे १,९२० व उभे १,०८० बिंदू असलेल्या साध्या पडद्यावर एकंदर २०,७३,६०० बिंदू, म्हणजेच ६२,२०,८०० खिडक्या होतात. ओएलईडी नांवाचा दुसरा प्रकार आहे. त्यांत मागें दिवा नसून प्रत्येक बिंदु स्वतःच उजळतो, आणि विझला म्हणजे खराखुरा काळा दिसतो.

आतां प्रश्नांकडे वळूं. पहिला प्रश्न दुकानांत नव्हे, घरींच विचारावयाचा : आपल्या लॅपटॉपमधून चित्र बाहेर पडतें कोठून ? हल्लींच्या पडद्यांस बहुधा दोन प्रकारचीं पोर्टें असतात. एक यूएसबी-सी, दुसरें एचडीएमआयचें लहान रूप, ज्यास मिनी-एचडीएमआय म्हणतात. यूएसबी-सी ही लंबगोल जोडणी २०१४ सालीं ठरली. ती उलट-सुलट कशीहि बसते आणि एकाच केबलींतून वीज, माहिती व चित्र हीं तिन्हीं नेऊं शकते. परंतु 'नेऊं शकते' व 'नेतेच' यांत मोठें अंतर आहे. ज्या पोर्टास डिस्प्लेपोर्ट अल्टरनेट मोड ही सोय दिलेली असेल, त्यांतूनच या रीतीनें चित्र निघतें. पोर्टाचा आकार पाहून हें कळत नाहीं; सर्व यूएसबी-सी पोर्टें बाहेरून जुळ्या भावंडांसारखीं दिसतात. पोर्टाशेजारीं डिस्प्लेपोर्टचें डी व पी या अक्षरांचें चिन्ह असल्यास किंवा थंडरबोल्टचें बाणाच्या टोंकाच्या विजेचें चिन्ह असल्यास चित्र निघतें असें समजावें. पण पुष्कळ लॅपटॉपांवर कांहींच चिन्ह नसतें. म्हणून लॅपटॉपचा नेमका नमुना-क्रमांक घेऊन त्याच्या माहितीपत्रकांत या सोयीचा उल्लेख आहे कीं नाहीं, हें पाहणें हाच खात्रीचा मार्ग होय.

केबलीविषयींहि अशीच फसगत होते. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणारी यूएसबी-सी केबल पडद्यास लावून पाहण्याचा मोह अनेकांस होतो. तशा बहुतेक केबली यूएसबी २.० जातीच्या असतात. त्यांत वीज व मंदगती माहिती यांपुरत्याच तारा घातलेल्या असतात. त्यांची माहिती नेण्याची कमाल गति सेकंदास ४८ कोटी बिटें इतकी, आणि वर सांगितलेल्या साध्या पडद्याचें चित्र सेकंदास ६० वेळां न दाबतां पाठवावयाचें तर सुमारें ३०० कोटी बिटें न्यावीं लागतात. चित्रासाठीं लागणाऱ्या जलदगती तारांच्या जोड्याच तेथें नाहींत, तर चित्र येणार कोठून ? म्हणून पडद्याबरोबर आलेली केबल जपून ठेवावी, आणि नवी घेतांना ती चित्र नेणारी आहे ना, असें स्पष्ट विचारून घ्यावें.

मोबाइल फोनवरचें चित्र मोठ्या पडद्यावर पाहण्याची हौस असेल, तर तेथेंहि हाच नियम लागू होतो. सॅमसंगनें २०१७ सालीं गॅलक्सी एस-८ या फोनाबरोबर डेक्स नांवाची सोय आणली, जिच्यामुळें फोन पडद्यास जोडून संगणकासारखा वापरतां येतो. आयफोनांत २०२३ सालच्या १५ क्रमांकाच्या मालिकेंत यूएसबी-सीवाटे चित्र बाहेर देण्याची सोय झाली. परंतु स्वस्त व मध्यम किंमतीच्या पुष्कळ फोनांत ती नसते. लॅपटॉपांतहि किती पडदे जोडतां येतील याची मर्यादा असते. उदाहरणार्थ, २०२० सालच्या एम-१ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा मुळांत एकच पडदा जोडतां येतो. ज्यानें घरीं आधींच एक मोठा पडदा लावलेला आहे, त्यास हा दुसरा तसाच जोडतां यावयाचा नाहीं.

यूएसबी-सीमधून चित्र निघत नसेल तर निराश होण्याचें कारण नाहीं. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल तर एका टोंकास एचडीएमआय व दुसऱ्या टोंकास मिनी-एचडीएमआय अशा केबलीनें चित्र नेतां येतें. मात्र त्या केबलींतून पडदा चालण्याइतकी वीज येत नाहीं; ती दुसऱ्या केबलीनें निराळी द्यावी लागते. डिस्प्लेलिंक जातीचे जोडही मिळतात. ते लॅपटॉपमध्यें एक आज्ञावली घालून चित्र दाबून साध्या यूएसबीमधून पाठवितात. लिहिण्यावाचण्यास ते पुरतात. परंतु चित्र दाबण्यांत व उलगडण्यांत वेळ जात असल्यामुळें चपळ खेळांस ते योग्य नव्हेत.

दुसरा प्रश्न विजेचा. १५.६ इंचांचा साधा पडदा मध्यम उजेडावर सुमारें ८ ते १० वॅट वीज घेतो. अधिक तेजस्वी किंवा जलदगती पडदा याहूनहि अधिक घेतो. जुन्या पद्धतीच्या चौकोनी यूएसबी ३.० पोर्टांतून नियमाप्रमाणें ५ व्होल्ट व ०.९ अँपिअर, म्हणजे अवघी ४.५ वॅट वीज मिळते. एवढ्यावर पडदा लावला कीं तो मिणमिणतो, नाहीं तर वारंवार बंद पडून पुन्हां सुरू होतो. आणि आपण पडद्यास दोष देतों. उलट लॅपटॉपच्या बॅटरीवरच पडदा चालविला, तर बॅटरी किती टिकेल याचाहि हिशेब करावा. समजा, बॅटरी ५० वॅट-तासांची आहे व लॅपटॉप लिहितांना १० वॅट खातो; तर ती ५ तास चालेल. तींतूनच पडद्यास १० वॅट दिले कीं एकंदर खर्च २० वॅट होऊन ती अडीच तासांत संपेल. पावसाळ्यांत ज्या गांवीं वीज वरचेवर जाते, तेथील कुटुंबांनीं हें गणित अवश्य मांडावें. पुष्कळ पडद्यांस दोन यूएसबी-सी पोर्टें असतात. एकास चार्जर लावावा व दुसरें लॅपटॉपास जोडावें, म्हणजे चार्जरची वीज पडद्यांतून लॅपटॉपपर्यंत पोंचते. पण ६५ वॅटांच्या चार्जरपैकीं पडदा आपला वांटा आधीं काढून घेतो; उरलेल्या विजेंत लॅपटॉपचें भागतें कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. शिवाय ही सोय प्रत्येक पडद्यांत नसते.

तिसरा प्रश्न आकाराचा व अक्षरांच्या स्वच्छतेचा. पडद्याचे इंच हे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. १५.६ इंचांचा पडदा प्रत्यक्षांत सुमारें ३४.५ सेंटिमीटर रुंद व १९.४ सेंटिमीटर उंच असतो. १४ इंची पडदा लहानशा पिशवींत सहज मावतो, १७.३ इंची पडद्यास पिशवीहि मोठी लागते. ज्यास रोज आगगाडीनें किंवा एस.टी.नें जावयाचें आहे, त्यानें पाव इंचाचाहि विचार करावा. ज्यास घरच्या घरींच हालवावयाचा आहे, त्यास मोठा परवडतो.

स्वच्छता ही एका इंचांत किती बिंदू मावतात यावर ठरते. १,९२० गुणिलें १,०८० बिंदूंचा पडदा १५.६ इंचांचा असतां दर इंचास सुमारें १४१ बिंदू पडतात. तेच बिंदू मेजावरील २४ इंची पडद्यावर पसरले तर दर इंचास ९२ च पडतात. यावरून दिसेल कीं, लहान पडद्यास साधे बिंदूच बहुतेक कामांस पुरेसे असतात. ३,८४० गुणिलें २,१६० बिंदूंच्या पडद्यास फोर-के म्हणतात. त्यांत चौपट बिंदू, म्हणजे दर इंचास २८२, येतात. अक्षरें छापील पुस्तकासारखीं दिसतात खरीं, परंतु तीं इतकीं बारीक होतात कीं संगणकास सांगून दुप्पट-अडीचपट मोठीं करून घ्यावीं लागतात. आणि चौपट बिंदू रंगविण्याचा भार लॅपटॉपवर पडून खेळ अडखळूं लागतो. लिहिणें, वाचणें व हिशेब यांसाठीं ज्यांस अधिक जागा हवी, त्यांनीं १६ इंचांत २,५६० गुणिलें १,६०० बिंदूंचा पडदा पाहावा. तो साध्या पडद्यापेक्षां थोडा उंच असल्यामुळें कागदावरील मजकूर खालींवर सरकवीत बसावें लागत नाहीं.

चौथा प्रश्न उजेडाचा व रंगांचा. पडद्याचें तेज 'निट' या मापानें सांगतात. एक निट म्हणजे दर चौरस मीटरास एक कँडेला. पोर्टेबल पडदे बहुधा २५० ते ३०० निटांचे असतात. घरांत व वर्गांत ते पुरतात. परंतु दिवसां खिडकीजवळ निस्तेज दिसतात आणि उघड्या अंगणांत जवळजवळ निरुपयोगी ठरतात. पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत असेल तर रंग खुलून दिसतात, पण मागील दिवा व आपलाच चेहरा त्यांत दिसूं लागतो. खरखरीत पृष्ठभागावर हें प्रतिबिंब पसरून फिकें होतें. वाचनासाठीं आम्ही दुसराच पसंत करूं. पडद्याच्या जातींपैकीं टीएन ही जुनी व स्वस्त जात बाजूनें पाहतां रंग पालटते; आयपीएस जातींत तो दोष फार थोडा असतो. दोन भावंडांनीं शेजारीं बसून पाहावयाचें असेल तर आयपीएसच घ्यावा. ओएलईडी पडद्याचें काळें व रंग अप्रतिम. मात्र एकच स्थिर चित्र, जसें तळाची पट्टी किंवा खेळांतील गुणफलक, रोज तासन् तास ठेविल्यास कालांतरानें त्याची पुसट खूण कायमची उमटण्याचा धोका असतो.

रंगांविषयीं डब्यावर एक फसवा आंकडा असतो. '४५ टक्के एनटीएससी' असें लिहिलेलें असेल, तर संगणकावरील छायाचित्रांसाठीं सर्वत्र रूढ असलेल्या एसआरजीबी या रंगपट्ट्याचा सुमारें ६० ते ६५ टक्केच भाग तो पडदा दाखवितो, असें समजावें. त्यावर तांबडी कौलें विटकरी दिसतील व हिरवी शेतें सुकल्यासारखीं वाटतील. पत्रव्यवहारास ही उणीव बाधक नाहीं. परंतु चित्रें काढणाऱ्या विद्यार्थ्यानें 'एसआरजीबी १०० टक्के' किंवा त्याच्या जवळपास असलेला पडदाच पाहावा.

पांचवा प्रश्न खेळाचा, आणि येथें मुलांनीं विशेष लक्ष द्यावें. पडदा सेकंदास किती वेळां चित्र बदलतो, तें हर्ट्झ या मापानें सांगतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र १६.७ सहस्रांश सेकंद टिकतें. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ६.९ सहस्रांश सेकंद. जलद पडद्यावर चेंडू किंवा मोटार अधिक सफाईनें सरकते व बोटाची हालचाल लवकर दिसते, हें खोटें नाहीं. परंतु पडदा हा केवळ दाखविणारा आहे. चित्र काढणारा लॅपटॉप आहे. लॅपटॉपची चित्रयंत्रणा सेकंदास ४० च चित्रें काढूं शकत असेल, तर १४४ हर्ट्झच्या पडद्यावर तीं ४० चित्रेंच पुन्हां पुन्हां दिसणार. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? आमच्या घरीं नेमकें असेंच झालें होतें. म्हणून आपला आवडता खेळ आपल्या यंत्रावर सेकंदास किती चित्रें देतो, हें आधीं मोजून पाहावें. पुष्कळ खेळांत तो आंकडा पडद्याच्या कोपऱ्यांत दाखविण्याची सोय असते. तो ६० च्या आंत असेल तर ६० हर्ट्झचा पडदा घेऊन वांचलेले पैसे चांगल्या रंगांवर व भक्कम स्टँडवर खर्चावे.

खेळाचीं स्वतंत्र यंत्रें असलीं तर त्यांचीहि मर्यादा पाहावी. २०२० सालीं आलेलीं प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स हीं एचडीएमआयवाटे कांहीं खेळांत १२० हर्ट्झपर्यंत चित्र देतात. त्यांच्यासाठीं १४४ हर्ट्झवर अधिक खर्च करण्यांत अर्थ नाहीं. २०१७ सालचें पहिलें निन्टेन्डो स्विच बाहेरच्या पडद्यास १,९२० गुणिलें १,०८० बिंदू व ६० हर्ट्झ याहून अधिक देत नाहीं, आणि तेंहि त्याचा डॉक व चार्जर बरोबर असेल तरच. खेळाच्या डब्यावर '१ सहस्रांश सेकंद प्रतिसाद' असेंहि छापलेलें असतें. तो आंकडा बहुधा सर्वांत अनुकूल परिस्थितींत मोजलेला असतो. त्यापेक्षां हलतें चित्र स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून मागें सांवली ओढली जाते कीं नाहीं, तें तपासावें. आणखी एक गोष्ट : अशा पडद्यांतील ध्वनिक्षेपक फार क्षीण असतात, आवाजासाठीं हेडफोन लागतील असें धरूनच चालावें.

सहावा प्रश्न शरीराचा, आणि पालकांच्या दृष्टीनें हाच पहिला म्हणावयास हवा. कित्येक पडदे दुमडणाऱ्या कव्हरावर उभे राहतात. त्यांस एक-दोनच कोन मिळतात आणि गुळगुळीत मेजावर ते घसरून पडतात. मागें पोलादी पाय असलेला पडदा हव्या त्या कोनांत राहतो. परंतु दोन्हीं मेजावरच टेकलेले असल्यामुळें पाहणाऱ्याची मान खालीं वांकते. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या पातळीस यावी, म्हणून खालीं जाड पुस्तकांचा थर किंवा लांकडी पाट ठेवावा. पडदा हातभर लांब असावा आणि खोलींतील दिवा चालू ठेवावा. दर २० मिनिटांनीं सुमारें २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावें, असा सोपा नियम नेत्रवैद्य सांगतात. अंगणांतील आंब्याचें झाड किंवा समोरच्या घराचें छप्पर यास अगदीं योग्य.

येथें एक प्रांजळ सूचना करणें आम्हांस आवश्यक वाटतें. जो पडदा घरांतील एका मेजावरून कधींच हालणार नाहीं, तो पोर्टेबल घेऊं नये. हलकेपणासाठीं आपण पैसे मोजतों. तेवढ्याच किंवा कमी पैशांत मेजावरचा २२ ते २४ इंची साधा पडदा मिळतो, तो उंचीनें मोठा, तेजानें सरस व मानेस सुखकर असतो. केवळ दुसरा पडदा उपयोगी पडेल कीं नाहीं, हें आजमावयाचें असेल तर घरांतील टेलिव्हिजन एचडीएमआय केबलीनें लॅपटॉपास जोडून आठवडाभर पाहावें. त्यास केबलीखेरीज खर्च नाहीं. वसतिगृहांत राहणारा विद्यार्थी, कामानिमित्त गांवोगांवीं जाणारे पालक, किंवा एकच मेज जेवणास, अभ्यासास व कचेरीस वापरणारें कुटुंब, अशांनाच पिशवींतील पडद्याचा खरा उपयोग आहे.

इतका विचार झाल्यावर मगच खरेदी करावी. शक्य तर आपलाच लॅपटॉप दुकानांत न्यावा व आपल्याच यंत्रास पडदा जोडून दाखविण्यास सांगावें. घरपोंच मागवीत असल्यास परत करण्याची मुदत किती दिवस आहे, हें आधीं वाचावें आणि त्या मुदतींतच कसून तपासणी करावी. संपूर्ण पांढरें, काळें, तांबडें, हिरवें व निळें अशीं पांच चित्रें एकामागून एक पडदाभर लावावीं; मेलेला बिंदु किंवा कडेनें गळणारा उजेड लगेच दिसतो. उजेड कमी करून अर्धा तास वाचून पाहावें. कांहीं पडद्यांचा दिवा मंद उजेडावर भराभर लुकलुकतो व डोके दुखूं लागतें. एक-दोन मेलेल्या बिंदूंसाठीं पडदा बदलून देतात कीं नाहीं, हमी किती वर्षांची, व दुरुस्तीचें ठिकाण किती दूर, हें विचारावें. पावती जपून ठेवावी. पिशवींत ठेवतांना पडद्याच्या कांचेवर डबा किंवा पुस्तक टेकूं देऊं नये. अशा पडद्यांची कांच पातळ असते व एका दाबानें तडकते.

आतां आमच्या घरच्या पडद्याचें पुढें काय झालें, तें सांगून लेख संपवूं. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट होतें. मिनी-एचडीएमआयची केबल आणली, मोबाइलच्या चार्जरनें वीज दिली, आणि पडदा चालूं लागला. त्याचे १४४ हर्ट्झ आमच्या यंत्रास पेलत नाहींत, हें मुलानें स्वतःच मोजून काढलें व वहींत टिपून ठेविलें. दुपारीं त्यावर त्याच्या आईचे हिशेब असतात, संध्याकाळीं अभ्यास संपल्यावर पाऊण तास त्याच्या मोटारी धांवतात. परवां त्याचा मित्र असाच एक पडदा घेण्याची गोष्ट करूं लागला, तेव्हां आमचे चिरंजीव त्यास म्हणाले, "अरे, पडद्याचं मग बघू, आधी तुझ्या लॅपटॉपचं पुस्तक दाखव." वर्षभर सांठविलेले पैसे अगदींच वायां गेले नाहींत, असें आम्हांस त्या क्षणीं वाटलें.